पुण्याच्या पेठांमधला हेरिटेज वॉक: वेळ कुठे जातो आणि कुठे जायला हवा

रविवारी सकाळी सातला शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात गेलात तर पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली आणि मान वर करून दिल्ली दरवाज्याकडे बघणारे एक-दोन घोळके हमखास दिसतात. आयोजक वेगवेगळे, मार्ग मात्र थोड्याफार फरकाने एकच. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तिथून शिवाजी रस्त्याने दगडूशेठ, बेलबाग, मंडई, तुळशीबाग आणि शेवटी विश्रामबागवाडा. सरळ गेलं तर दोन वाड्यांमध्ये किलोमीटरभराचं अंतर आहे. गल्ल्याबोळांतून गेलं की अडीच-तीन किलोमीटर होतात. वेळ अडीच तास सांगतात, लागतात तीन. हे परीक्षण या नेहमीच्या फेरीचं आहे, कुणा एका आयोजकाचं नाही.

फेरी पैसे देऊन करण्यासारखी आहे का? आहे, पण गाईड कसा मिळतो यावर सगळं अवलंबून. मार्गाचीच एक मोठी खोड आहे: अडीच तासांतला पाऊण तास शनिवारवाड्यात जातो, आणि जिथे अजून लाकूड, दगड, चुना जागच्या जागी शाबूत आहे तिथे पाच-पाच मिनिटांत गुंडाळतात.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. दोन्ही दिवस शनिवार. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि आतला लाकडी डोलारा जळून गेला. आज बघायला उरलीय ती तटबंदी, नऊ बुरूज, पाच दरवाजे, इमारतींची जोती (खालचे दगडी चौथरे) आणि हजारी कारंज्याची सोळा पाकळ्यांची रचना. म्हणजे तिकीट काढून आत गेल्यावर मुख्यतः हिरवळ आणि जोती. तिथे उभं राहून गाईड सात मजल्यांची आणि वरून दिसणाऱ्या आळंदीच्या कळसाची वर्णनं करतो, आणि लोक डोळे मिटून कल्पना करत बसतात. त्यापेक्षा त्यातली वीस मिनिटं दिल्ली दरवाज्यात द्यावीत. दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. मोठं दार बंद असताना एकेका माणसाला वाकून आत यावं लागेल अशी दिंडी त्याच दारात आहे. आत शिरलं की वाट सरळ जात नाही, काटकोनात वळते, म्हणजे दार फोडून आत घुसलेल्यांचा जोर तिथेच मोडतो. बुरुजांकडे बघताना खालचा दगड आणि वरची वीट यांची सीमा डोळ्यांनी आखता येते. भिंतींवर रंगीत चित्रांचे पुसट अवशेष आहेत; ते दाखवायला गाईडला थांबून बोट दाखवावं लागतं, नाहीतर शंभरातले नव्वद जण तसेच पुढे जातात.

एक अडचण आहे. सकाळी सातला वाड्याचा दरवाजा उघडलेला नसतो. मग गाईड बाहेर बाजीरावांच्या पुतळ्यापाशी इतिहास सांगतो आणि ‘आतलं तुम्ही नंतर बघून घ्या’ म्हणतो. शुल्क भरण्याआधी हे विचारून घ्यावं: आत नेणार का, आणि तिकीट शुल्कात धरलंय का.

गाईडची परीक्षा घ्यायची असेल तर दोन ठिकाणी सहज घेता येते. पहिलं ठिकाण इथेच. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा वाड्यात खून झाला, ही इतिहासातली गोष्ट. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही परंपरेने चालत आलेली कथा. जो गाईड या दोन्ही वाक्यांच्या मध्ये श्वास घेतो, ‘असं सांगतात’ एवढे दोन शब्द टाकतो, तो बाकीच्या गोष्टींतही भरवशाचा निघतो. जो थेट अमावास्येच्या किंकाळ्यांवर उतरतो त्याच्यामागे तीन तास चालण्यापेक्षा घरी मिसळ खाल्लेली बरी.

दुसरं ठिकाण लाल महाल. शहाजीराजांनी जिजाबाई आणि शिवरायांसाठी बांधलेला मूळ महाल आज उभा नाही. समोर दिसते ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा शाइस्तेखानावरचा छापा इथे सांगावाच, अंगावर काटा येतो. पण ‘याच खिडकीत खानाची बोटं तुटली’ म्हणत सिमेंटच्या खिडकीकडे हात करणाऱ्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारावा. चांगला गाईड उलट या नव्या बांधकामाचाच उपयोग करून घेतो: स्मारक म्हणून बांधलेली वास्तू आणि टिकून राहिलेली वास्तू यांतला फरक इथे शिकवला की पुढचा रस्ता लोक वेगळ्या नजरेने बघतात.

कसबा ही पेठांमधली सर्वांत जुनी वस्ती. बाकीच्या पेठा नंतर वसत गेल्या आणि त्यांची नावंही बदलत गेली. रविवार पेठ एकेकाळी मलकापूर होती, शनिवार पेठ मुर्तजाबाद. सदाशिव पेठ १७६९ ची, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने. कसबा गणपती ग्रामदैवत आणि मानाचा पहिला, इथे चपला काढाव्या लागतात, गर्दी असते, पाच मिनिटांत दर्शन होतं. खरा मुद्दा देवळाच्या मागच्या गल्ल्यांचा आहे आणि नेमका तोच वगळला जातो. तांबट आळी इथून चालत काही मिनिटांवर. तांब्याचा पत्रा तापवून मऊ करतात, ठोकून घडवतात, मग भांडं उजळून जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर चढवतात आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकाशेजारी एक ठोके देत जातात. याला मठारणं म्हणतात. घंगाळावर किंवा बंबावर जे चकाकते ठिपके दिसतात ते फक्त नक्षीसाठी नसतात; ठोक्यागणिक तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही चेपत नाही. ठिपक्यांची ओळ हललेली दिसली तर कारागीर नवा, किंवा हातोड्याचं तोंड झिजलेलं. पण रविवारी सकाळी सातला आळीत हातोडा चालू असेल अशी अपेक्षा धरू नये. आळी ऐकायची तर कामाच्या दिवशी, दहानंतर. काही आयोजक शनिवारी उशिरा सुरू होणारी फेरी ठेवतात. तांबट आळी बघायचीच असेल तर तीच घ्यावी, उन्हाची आणि रहदारीची तयारी ठेवून.

त्रिशुंड गणपती नेहमीच्या फेरीत नसतो. हे या मार्गाचं सर्वांत मोठं वैगुण्य. कसब्याहून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत शिरलं की हे देऊळ. जाऊन येऊन बघण्यासकट पाऊण तास जातो. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधकाम सुरू केलं, ते १७७० मध्ये पुरं झालं. शिखर नाही, त्यामुळे रस्त्यावरून पटकन ओळखू येत नाही. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, पोपट आणि खाली एका बाजूला गेंड्याला साखळदंडाने जखडणारा टोपीवाला शिपाई कोरलेला आहे. पुण्यातल्या देवळाच्या दारावर गेंडा! या पट्ट्याचा अर्थ लावायला गेलं तर वाद आहेत, पण तो गुडघ्यावर बसून बघावा असाच आहे. टोपी, साखळी, गेंड्याच्या कातडीच्या घड्या सगळं दगडात नीट उतरलंय. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख. खाली तळघरात समाधी आहे, ते एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात. गोसावी म्हणजे फक्त विरक्त साधू अशी समजूत असलेल्यांना इथे धक्का बसतो, कारण हे पंथ सावकारी आणि व्यापारही करत. देवळाचा दगड कुठल्या पैशातून उभा राहिला हे त्यावरून कळतं. फेरी सात-आठ जणांची असेल तर गाईडला आधीच सांगून शनिवारवाड्याची वीस मिनिटं इकडे वळवून घ्यावीत. बहुतेक जण तयार होतात.

पाण्याचा विषय तर जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि पेठा कशा वाढल्या ते पाण्याशिवाय समजत नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५० च्या सुमारास कात्रजला बांध घालून शहरात पाणी आणायचं काम सुरू केलं. दगडी बांधणीचा भुयारी नळ, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा मोठा, नुसत्या उतारावर वाहणारा. मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर काढणारे दगडी मनोरे. शहरात हे पाणी हौदांत पडे आणि लोक हौदावरून भरत. फडके हौद आज लोकांना चौक म्हणूनच माहीत आहे, काळा हौदही तसाच. गाईडने चालता चालता नुसती हौदांची नावं जोडून दाखवली तरी शहराचा नकाशा डोक्यात बसतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारावं. त्याच्या जोडीला १२ जुलै १९६१ चाही प्रश्न टाकावा. पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा पेठांत पाणी शिरलं, कित्येक वाडे बसले; आज ओंकारेश्वराच्या परिसरात जुन्या वाड्यांच्या मधोमध एकदम साठच्या दशकातल्या इमारती का दिसतात, त्याचं एक कारण हा पूर आहे.

रस्त्यात खासगी वाडे लागतात. गाईड दारातून डोकावू देतो, तेवढ्यावर समाधान मानावं. आत माणसं राहतात, दात घासत असतात. डोकावताना काय बघायचं ते मात्र माहीत हवं. मोठ्या दाराला दिंडी, आत शिरल्यावर दोन्ही अंगांना देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची बसायची जागा, पुढे उघडा चौक. खांबांची ओळ मोजली की वाड्याचं माप कळतं, कारण दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण आणि वाडे खणांत मोजत. खांब दगडी तळखड्यावर टेकलेला असतो, लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. वाडा आधी सडतो तो छपरातून: कौलं सरकली, पाणी तुळईच्या (आडव्या लाकडी वाशाच्या) टोकाशी मुरलं, भिंतीत गेलेलं ते टोक कुजलं की वरचा कडीपाट, म्हणजे लाकडी छत, खाली येतो. भाडं पूर्वीचंच, डागडुजीचा खर्च आजचा, म्हणून मालक हात लावत नाही. पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक वाड्याच्या नोटिसा दारांवर चिकटलेल्या दिसतील. अशा वाड्याच्या सज्जाखाली उभं राहून भाषण करणारा गाईड बेजबाबदार समजावा.

दगडूशेठसमोर भिडेवाडा. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, जागा राष्ट्रीय स्मारकासाठी आहे. जुने फोटो बघून जाणाऱ्यांची निराशा होते. तरीही इथे थांबणं आवश्यक, आणि दगडूशेठला पंधरा मिनिटं व भिडेवाड्याला चालता चालता एक वाक्य असा हिशेब करणारे गाईड पुष्कळ आहेत. पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा, १८९२ चा भाऊसाहेब रंगारींचा की १८९३ चा टिळकांचा, हा वाद गाईडने मोकळेपणाने मांडावा. बाजू घेऊन मांडला की घोळक्यातला एखादा हमखास भिडतो आणि दहा मिनिटं गेली म्हणून समजा. ‘दुपारी एक ते चार दुकान बंद’चा पुणेरी विनोदही असाच वेळखाऊ.

मंडई मात्र या फेरीतला सर्वांत उजवा थांबा आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या आठ पाख्या. १८८६ मध्ये उघडली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून रे मार्केट. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला नाव मात्र त्यांचंच मिळालं. बाहेरचा टिळकांचा पुतळा १९२४ चा, अनावरण मोतीलाल नेहरूंचं. आत जाऊन मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहावं आणि वर बघावं. उजेड आणि हवा वरून कशी खेळवली आहे ते कळतं. भाजीवाले उंच ओट्यावर बसतात, गिऱ्हाईक खाली, त्यामुळे आठही पाख्यांत नजर अडत नाही. सकाळी गाळ्यांवर माल लावायची घाई असते. वीस जणांचा घोळका वाटेत उभा राहिला तर ‘सरका’ ऐकून घ्यावं लागतं आणि ते बरोबरच आहे. कॅमेरा चेहऱ्यावर रोखण्याआधी विचारावं, आणि विचारून नाही म्हटलं तर पुढे जावं.

तुळशीबागेत सकाळी जाण्याचा एकच पण मोठा फायदा: दुकानं बंद. एरवी क्लिपा आणि पातेल्यांच्या गर्दीत रामाच्या देवळाचं शिखर मान वर करून कुणी बघत नाही. नारो आप्पाजी खिरे, पुढचे तुळशीबागवाले, यांनी १७६१ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. शिखरावरच्या चुन्यातल्या मूर्ती नीट बघायच्या तर छोटी दुर्बीण न्यावी. मोबाइलचा झूम पुरत नाही. जवळचं बेलबागेचं विष्णुमंदिर नाना फडणवीसांचं. लक्ष्मी रस्त्यावरून हजारदा गेलेल्यांनाही आत देऊळ आहे हे ठाऊक नसतं.

मग विश्रामबागवाडा, आणि इथे फेरीची आखणीच चुकते. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ च्या आसपासचा. दर्शनी बाजूचं लाकूडकाम हे पुण्यात राहिलेल्या पेशवेकालीन लाकूडकामांतलं अव्वल: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, महिरपी, सज्जाखाली लोंबणारी कोरीव केळफुलं. १८२१ मध्ये इथेच इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. मे १८७९ मध्ये वाड्याला आग लावण्यात आली, काही भाग जळाला आणि लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला. त्याच वेळी पेटलेला बुधवारवाडा मात्र कायमचा गेला. एवढा ऐवज, आणि नेहमीच्या क्रमाने इथे पोचेपर्यंत दहा वाजतात. बाजीराव रस्ता वाहू लागलेला असतो, समोरच्या फूटपाथवरून वाड्याकडे बघायला गेलं तर मध्ये बस येते, गाईडचा घसा बसलेला, आणि निम्म्या लोकांचं लक्ष नाश्त्याकडे.

उपाय साधा आहे: फेरी उलटी करावी. सातला विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं. दर्शनी बाजू पूर्वेकडे, कोवळं ऊन थेट लाकडावर पडतं, केळफुलांच्या पाकळ्यांची सावलीसुद्धा मोजता येते, आणि रस्ता रिकामा. मग तुळशीबाग, मंडई, बेलबाग, भिडेवाडा, कसबा असं करत शेवटी शनिवारवाडा. तोवर तिकीटखिडकी उघडलेली असते. खासगी गट करून गाईड घेतला तर हा क्रम मागता येतो.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. गट पंधराच्या वर गेला की शिवाजी रस्त्यावर मागच्याला ऐकू येत नाही. कमरेचा छोटा स्पीकर गाईडकडे आहे का ते विचारावं. मराठी-इंग्रजी मिश्र गटात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि ऐवज निम्म्यावर येतो. फक्त मराठी फेरी असेल तर तीच घ्यावी. जाहिरातीत ज्याचा फोटो तोच गाईड येणार का, हेही विचारावं. चपला चार-पाचदा काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत, आणि पावसाळ्यात देवळांच्या ओल्या फरशीवर पायमोजे घसरतात. गाडी आणू नये. पार्किंग शोधण्यात पहिला थांबा हुकतो; मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्टेशनला उतरावं, आणि स्वच्छतागृहाचं काम तिथेच उरकून निघावं, कारण पुढच्या तीन तासांत, विशेषतः बायकांची, फार पंचाईत होते. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन आठवडे मांडवांच्या बांबूंनी रस्ते अडलेले असतात आणि देवळांचे दर्शनी भाग झाकलेले. त्या काळात पैसे भरू नयेत. उन्हाळ्यात साडेसहाची फेरी मिळाली तर घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले, फक्त उजाडायला उशीर होतो, त्यामुळे विश्रामबागवाड्यावरचं ऊन हवं असेल तर तिथे साडेसातच्या आत पोचून उपयोग नाही.